सोळा बाय सोळा

सोळा चौकोन आडवे, सोळा उभे.
एवढीच जमीन मिळाली मला
स्क्रीनच्या उजव्या तळाशी, घड्याळाला लागून,
आणि तिच्यावर सांगायचं होतं
जग पोहोचतंय की नाही.

आधी पंखा काढला. तीन कमानी, खाली ठिपका.
सगळेच काढतात.
नेट असलं की पांढरा, नसलं की राखाडी,
आणि जोडलंय पण पुढे काही जात नाही
तेव्हा किंचित कमी पांढरा.
मला फरक स्वच्छ दिसत होता.
माझा मॉनिटर सत्तावीस इंची.

मग पारोळ्याला गेलो, सेतू केंद्रात.
दुपारी दोनला ऊन दारातून सरळ काचेवर येतं
आणि योगिता भदाणेच्या स्क्रीनवर
माझे सगळे पांढरे एकच.

उखा बाबा हयातीच्या दाखल्याला आलेले.
अंगठा टेकवला. चक्र फिरत राहिलं.
धोतराला पुसून पुन्हा टेकवला.
"बाबा, बोट घसायेल शे तुमनं," योगिता म्हणाली.
कोपऱ्यात पंखा पूर्ण होता ना,
म्हणजे चूक बोटाचीच.
चार वेळा.
शेवटी बाबा म्हणाले,
"मी ते शे ना, बेटा. आठे बठेल शे."

नेट तेव्हा एरंडोलच्या अलीकडे
खणलेल्या रस्त्यात तुटून पडलं होतं.
माझं चित्र खोटं बोलत नव्हतं.
टेबलापासून भिंतीपर्यंतचं खरं
तेवढं सांगत होतं.

परतताना भुसावळला उतरलो, मामाकडे.
नवं चित्र दाखवलं: हिरवं, लाल.
मामा म्हणाला, दोन्ही चिकू.
विसरलोच होतो,
रेल्वेच्या डॉक्टरने याच डोळ्यांवर त्याला घरी पाठवलं
आणि त्याने यार्डाच्या भिंतीला सायकलचं दुकान टाकलं.
पण सिग्नल त्याला लहानपणापासून कळायचा.
कसा?
मामाने पाना धरलेला हात आडवा केला.
मग खाली पाडला.
एवढंच.

रात्रभर रेघ ओढली.
डावीकडे यंत्र, मध्ये पेटी, उजवीकडे गोल जग.
तुटलं असेल तिथे फट.
एक चौकोन सोडला तर दिसत नाही,
तीन सोडले तर दोन वेगळ्याच वस्तू वाटतात.
दोन.
पेटीच्या आधी फट, तर तार बघा.
पेटीच्या नंतर, तर वाट बघा.

फाइलला नाव दिलं: शे-पन-नही.
कंपनीने नाव बदललं.
फट ठेवली.

पुढच्या नोव्हेंबरात योगिताचा फोन.
तिने म्हणे आधी कोपऱ्यात पाहिलं,
मग बाबांचा पुढे आलेला अंगठा
हलकेच मागे सारला:
"तुम्ही शेतस, बाबा.
नेट नही."