खापऱ्या

एप्रिलातच फुटला रात्रशाळेचा माठ.
गोमाजी तुकडे उचलून नेत होता. म्हटलं, थांब,
आज अथेन्स शिकवायचंय.

वर्गात वाटल्या खापऱ्या, आणि खिळे.
ज्याचं भय वाटतं त्याचं नाव कोरा.
सहा हजार भरल्या की
दहा वर्षं नगराबाहेर.
खटला नाही, आरोप नाही,
घरदार मात्र त्याचंच राहतं.

"काऊन सर, गुन्हा नसून?"
मागच्या बाकावरून कुणीतरी.
कूलर घरघरत राहिला,
बाहेर गोळीबार चौकात हॉर्न.

मोजल्या. एकोणतीस.
चार माझ्या नावाच्या (अक्षरं ओळखली मी),
काहींवर वार्डाचा मेंबर, ऱ्हस्वदीर्घ चुकलेला,
एकीवर नुसतं 'ऊन'.
अकरांवर आचल धकाते,
जी आज आलीच नव्हती,
जिनं काल विचारलं होतं,
त्या सभेत बायका कुठं बसत?
मी म्हणालो होतो, पुढच्या तासाला.

फळा पुसला. पोरं गेली.
गोमाजी खिळे मोजत उंबऱ्याशी बसलेला,
मग मोबाइलचा उजेड पाडत
फाटकापर्यंत वाकून वाकून गेला.

"एक कमी हाये, सर.
सायकलीनं येते ते पोरगी."