टिंबांचे पैसे घेत नाही

कार्माच्या खाणीतला दगड ओला असतो तेव्हा
खरवसासारखा कापला जातो.
मग वारा लागतो, आणि तो हट्टाला पेटतो.
एकेचाळीस वर्षं मी त्याच्यावर नावं कोरतोय,
सारेमा बेटावर, कुरेसारेच्या रस्त्याला,
जुनिपरच्या झुडपांमागे.
भाव अक्षरावर.

कोल्मापेव म्हणजे बुधवार.
आमच्या लिपीत नऊ अक्षरं,
सातव्याच्या डोक्यावर दोन टिंबं.
टिंबांचे पैसे मी घेत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी जहागिरीचा जर्मन कारभारी
वही उघडून बसला होता, वेठीच्या माणसांना
आडनावं वाटायला.
सोमवारी झाडं वाटली, मंगळवारी पक्षी.
बुधवारी त्याची दाढ ठणकत होती.
दारात पाच घरं उभी, एकमेकांची कुणी नव्हेत.
त्यानं मान वर केली नाही.
पाचांच्याही पुढे वार लिहून टाकला.

म्हणून कुणी विचारलं, तो पैलवान तुमच्यातलाच का,
तर कोल्मापेव म्हणतात, नाही.
आणि थोडं थांबून, हो.

पैलवान म्हणजे व्हिल्लेम. रीगाच्या सर्कशीत
घोड्यासकट स्वार उचलायचा.
त्याच्या दगडासाठी वर्गणी निघाली,
दगड दांडगा आला, आणि मृत्यूची तारीख चुकली.
ती चूक माझ्या उस्तादाची. मी तेव्हा झाडू मारत होतो.

एल्फ्रीडेनं जन्मभर दगडफूल गोळा केलं,
खिशात भिंग, गुडघ्यांना घट्टे.
एका जातीला लॅटिनमध्ये तिचं नाव आहे म्हणतात.
आता तिच्या दगडावर करडं काहीतरी चढलंय.
नातवंडं ब्रश घेऊन येतात.
मी सांगतो, राहू द्या, तिला विचारून चढलं असेल.

आणि मेता, टालिन रेडिओवर हवामान सांगणारी :
"मी मेता बुधवार. आज शुक्रवार."
कोळी पोट धरून हसायचे,
आणि जाळी तिच्याच शब्दावर टाकायचे.

तार्तूहून एक मास्तरीणबाई आल्या होत्या,
या आडनावाच्या नामवंतांची पुस्तिका काढायला.
ही तिघं त्यांनी उतरवून घेतली.
मी म्हटलं, योसेप लिहा.
त्यांनी काय केलं?
हजेरी दिली, मी म्हटलं.

एकोणपन्नास साली आगगाडीत घालून नेलं त्याला.
तिकडच्या कारकुनाला नऊ अक्षरं जड झाली,
त्यानं सरळ भाषांतर केलं : स्रेदा.
रशियनमध्येही बुधवार तो बुधवारच.
सात हिवाळे योसेप स्रेदा म्हटलं की "हजर" म्हणाला.
परतल्यावर दुकानात कुणी "कोल्मापेव!" अशी हाक मारली
की मागे वळून बघायचा, कोण आलंय.
तो गेला तेव्हा बायकोनं बटवा उलटा केला.
आठ अक्षरांचे निघाले.
पाच अक्षरांत भागेल, असं कुणीतरी म्हणालं.
तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.
नववं मी घातलं.
मास्तरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं.

माझं आडनाव कास्क. म्हणजे भूर्ज.
चार अक्षरं, बेटावर गल्लोगल्ली.
हेल्गी लग्नाआधी कोल्मापेव होती.
सही बदलून आली त्या दिवशी म्हणाली,
"महागाची स्वस्त झाले बघ."
चेष्टाच होती. त्रेपन्न वर्षं मी ती चेष्टा समजलो.

फेब्रुवारीत गेली.
तिचा दगड अंगणात ताडपत्रीखाली आहे,
चांगला, बिनशिरेचा, राखून ठेवलेला.
खडूनं दोन्ही आडनावं लिहून पाहिली,
दोन्ही पुसली.
मग एका सकाळी छिन्नी घेतली आणि
आधी टिंबंच कोरली.
पुढे हात गेलेला नाही.

काल एक बाई आली, कुत्र्यासाठी दगड बघायला.
ताडपत्री उचलून म्हणाली, हे काय, डोळे?
नाही, म्हटलं. बुधवारची टिंबं.
तिनं वाकून बोट फिरवलं, दोन्हींवरून.
सुरेख आहेत, म्हणाली.
यांचे किती घेता?