पाच मार्कांचा प्रश्न

वाशीमला गावंडे सर फळ्यावर लिहायचे :
संगणकाच्या पिढ्या. पहिली, निर्वात नलिका.
तोटे : आकार मोठा, वीज जास्त,
उष्णता फार.
आम्ही घोकलं. शाळेत संगणक एकच,
तोही कुलपात, वर भरतकाम केलेलं फडकं.

पहिली पिढी मला भेटली मँचेस्टरात, गॉर्टनला,
वृद्धाश्रमाचं वाय-फाय बघायला गेलो तेव्हा.
डोरीन ऑग्डन. वय एकोणनव्वद. खोली अकरा.
"कॉम्प्युटरवाला का तू? मीही."

मग सांगतच सुटली.
कपाटांची रांग, मधे माणूस शिरेल एवढी फट,
त्या फटीत ही, हातात पेन्सिल,
एकेका नळीवर हलकी टकटक
कलिंगड पारखावं तशी.
जिच्यापाशी आकडे चुकत ती उपसायची
ॲप्रनच्या टोकात धरून, चिमट्यात पातेलं धरतात तशी.

पुढे भिंगाखाली बसवलं बायकांना.
मोहरीएवढ्या कड्या, केसाएवढ्या तारा,
ओवा.
"एका कडीत एक हो, नाहीतर एक नाही.
आठवड्याला चार हजार ओवायचे मी,
आणि लेनला एक हो म्हणायला
तीन वर्षं घेतली."

मग चिप आली.
आमची अख्खी ओळ एका शुक्रवारी घरी.
म्हणाले, सगळं आता नखावर मावतं.
"मावत असेल. आम्ही कुठे मावणार होतो?"

मी तिला तोटे म्हणून दाखवले,
आधी मराठीत, सरांच्या चालीवर, मग इंग्रजीत.
उष्णतेपाशी तिने हात वर केला.
"तोटा? अरे, जानेवारीत अख्ख्या कारखान्यात
तेवढाच एक उबदार कोपरा!
मागच्या जाळीवर ओले मोजे वाळत घालायचो आम्ही.
फोरमनला वाटे, बायांना यंत्राचं भारी वेड."

राउटरचा दिवा हिरवा झाला.
तिच्या टॅबवर पर्थहून नातू आला,
तोंड उघडं, तसाच गोठलेला.
तिने काचेवर बोट वाजवलं, दोनदा,
कान देऊन.
तो हलला.
सिग्नल परतला होता, एवढंच.
मी काही बोललो नाही.

बसमध्ये बसलो तेव्हा
बुटातून पाणी मोज्यांत उतरलं होतं.
लॅपटॉप काढून मांडीवर घेतला.
गेल्याच महिन्यातला, पंखासुद्धा नाही त्याला,
फरशीसारखा गार.