उणे दोन

मे महिन्याची बारा तारीख. हेक्सममध्ये
रात्री नऊलाही उजेड असतो, म्हणून फसायला होतं.
आभाळ पुसून पालथ्या घातलेल्या ताटासारखं,
ढग नाही, वारा नाही.
अशा रात्रीचा भरवसा धरू नये
हे मला नॉरिस आउथवेटनं शिकवलं,
अलॉटमेंटमधला सव्वीस नंबर, माझा शेजारी,
जो वर्षभरात माझ्याशी चाळीसेक वाक्यं बोलला असेल
आणि त्यातली तीस थंडीबद्दल.

‘थंडी पडत नाही,’ तो म्हणाला होता, ‘वाहते.
टेकडीवरून उतरते, कुंपणाशी अडते, तुंबते,
आणि तुंबते नेमकी तुझ्या-माझ्या वाफ्यांत.’
मला लगेच पटलं. मी पाटाचं पाणी बघत वाढलेली.
त्याच शनिवारी दोघांनी मिळून
कुंपणाच्या बुडाशी हातभर भगदाड पाडलं,
थंडीला बारं फोडून दिलं म्हणा.

आज दुपारी तो माझ्या टेबलावर होता.
शिडीवरून पडलेला. खुब्याचा एक्स-रे.
हलू नका, मी म्हटलं, श्वास धरा.
त्यानं धरला. सोडल्यावर विचारलं,
‘रात्री किती?’
‘उणे दोन.’
तो छताकडे बघत राहिला.
त्याचा घेवडा परवाच बाहेर लावलेला.
फोटोत भेग दिसत होती, कपाला तडा जावा तशी.
त्याबद्दल त्यानं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही; ते डॉक्टरांचं काम.

आता दहा वाजलेत. कपाळावर बॅटरी बांधून
मी पांघरुणं मोजते आहे:
दोन पडदे, एक फाटकी चादर,
मुलाच्या लहानपणची डायनोसॉरची खोळ.
पलीकडून बोझेना ओरडते,
‘आजपासून तीन दिवस तीन संत,
आणि चौथ्या दिवशी थंड झोशका!
तोवर माझे टोमॅटो स्वयंपाकघरात!’
तिच्या गावी गारठ्यालाही पाहुण्यांसारखी नावं आहेत,
यायची तारीख ठरलेली, जायची नाही.

माझे बटाटे सोपे. कोंब बोटभर वर आलेले,
त्यांच्यावर माती ओढली, कान झाकेपर्यंत.
घेवडा असा पुरता येत नाही.
त्याला काठ्या रोवून तंबू हवा,
आणि पान कापडाला टेकता कामा नये:
हे नॉरिसचं एकतिसावं वाक्य.

त्याच्या तीन रांगा. माझी भोपळ्याची सात रोपं.
कापड पुरत नाही.
थोडा वेळ उभी राहिले,
खोटं कशाला बोलू, बराच वेळ.
मग भोपळ्यावरचा पडदा ओढून त्याच्याकडे नेला,
चार रोपांवर बादल्या उपड्या घातल्या.
तीन राहिली तशीच.

पहाटे साडेचारला गवत पायाखाली करकरत होतं.
दहिवर गोठून मिठासारखं.
ऊन पोचायच्या आत झारी घेऊन
पानापानावरचं हिव उतरवलं, हात बधिर होईतो.
भोपळ्याची तीन काळी पडलेली, शिजलेल्या पालकासारखी लिबलिबीत.
आमच्याकडे याला जळणं म्हणतात.
नॉरिसही तेच म्हणतो.
दोन भाषांनी एकच चूक कशी केली,
की चूक नव्हेच ती.

त्याचा घेवडा उभा होता.
फक्त पहिल्या रांगेत, टोकाला,
जिथे रात्री काठी कलली असावी
आणि डायनोसॉरची शेपटी पानाला टेकली,
तिथे नाण्याएवढा डाग.

आठला माझी पाळी. त्याआधी वॉर्डात डोकावेन.
तो विचारेल, ‘कुठे टेकलं?’
सांगेन, टोकाला, एकच पान.
भोपळ्याचं नाही बोलणार.
नखांतली माती बघून त्याला काय कळायचं ते कळेल,
आणि मग आमचं बेचाळिसावं वाक्य होईल,
बहुधा त्याचंच:
‘आज रात्री किती?’