दर हजाराला एक टिंब

अ‍ॅबर्डीन. रात्रीचे पावणेदोन.
हॅडॉकच्या कानातल्या खड्यांचे
एक्केचाळीस हजार फोटो.
खड्यावरची वलयं मोजून
एकेकाचं वय काढत बसलाय माझा लूप.

आधी प्रत्येक फेरीला आकडा छापायचा.
डोळ्यांना एकही लागेना,
आणि काम रेंगाळलं ते वेगळंच:
सांगण्यातच निम्मा वेळ जायचा बेट्याचा.

मग एक ओळ बदलली.
दर हजाराला एक टिंब,
शेजारी उरलेली मिनिटं, अंदाजे.

टिंब.
बंदरात कुठलीशी बोट भोंगा देते.
टिंब.

मोरॅग दारातून विचारते, किती राहिलं?
अठरा मिनिटं म्हणतोय.
मघाशी अकरा म्हणत होता.
ती किटली लावायला जाते.

आत्याचा मेसेज. तिकडे उजाडलंय.
"काहीच कळवत नाहीस गं."
लिहायला घेते:
खोलीतला बंद हीटर, पाठीतली कळ,
मार्चमध्ये संपणारा करार,
आणि परवा सापडलेला
चौदा वर्षांचा तो एक म्हातारा मासा…
सगळं पुसते.
नुसतं एक टिंब पाठवते.

"चुकून बोट लागलं का?"

एकोणतीस हजार.
किटली अजून उकळायचीय.