गढूळ

रात्री दोनला लिसम्मा पुन्हा बाटली पाठवते.
झाकणावर पट्टी, पट्टीवर बेड अकरा,
कारणाच्या रकान्यात एकच शब्द: गढूळ.

सूरच्या खाडीचं पाणीही या महिन्यात गढूळच असतं.
ते कुणी कल्चरला लावत नाही.

मी वॉर्डात फोन लावतो.
ताप?
नाही.
पोटात दुखतं? हुडहुडी? शुद्धीवर आहे ना?
मघाशी माझ्याकडे कहवा मागत होता.
मग?
वास येतोय रे. आणि सकाळी डॉक्टर विचारतील.

सकाळी डॉक्टर विचारतील.
माझ्या अर्ध्या प्लेटा या एका वाक्यावर उगवतात.

गेल्या वर्षी खलफानची बाटली अशीच आली.
जन्मभर गलबतं बांधलेला सुतार,
खुब्याचं हाड मोडून पडलेला, नळी घातलेली.
नळीला जंतू धरतातच.
त्याला विचारलं असतं तर हसला असता,
लाकूड पाण्यात ठेवता
आणि वर विचारता, शेवाळ कसं आलं?
पण मी त्याला पाहिलंच नव्हतं.
पाहिली ती प्लेट,
गुलाबी टिकल्यांनी गच्च भरलेली.
मोजलं. लिहिलं: एक लाखाच्या वर.
आकडा खरा होता.
अहवालात माझी एक ओळही चुकली नव्हती.

आकड्यावर औषध सुरू झालं, सात दिवस, शिरेतून.
साप साप म्हणून भुई थोपटली,
आणि भुई होती त्याचं आतडं.
दोन आठवड्यांनी तेच नाव पुन्हा माझ्या टेबलावर,
या वेळी जुलाबाचा नमुना.
तो मात्र तपासायलाच हवा होता.

घरी गेला म्हणतात, चौदा किलो हलका होऊन.
रंधा परत हातात धरला का,
हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

डॉक्टर मुअताज तेव्हा एवढंच म्हणाले,
बाटलीला ताप येत नाही, माणसाला येतो.
ते सुदानचे, मी दापोलीचा.
आमच्याकडे विहीर उपसली की
आई हंड्याला आतून निवळीचं बी घासायची
आणि दटावायची,
आता कुणी ढवळू नका रे.

लिसम्मा, त्याला पाणी पाज.
चारला ताप बघ. आला तर नवा नमुना घे,
मी जागाच आहे.
आणि ही बाटली?
ही नाही लावत.
लिहून देशील?

देतो.
रजिस्टरमध्ये लिहिलं: लक्षणं नाहीत, नमुना लावला नाही.
खाली नाव, वेळ. सही जरा वाकडी आली.

चारला फोन वाजला नाही.
साडेचारला मीच केला.
झोपलाय, ती म्हणाली,
आणि विश्वास बसावा म्हणून
रिसीव्हर त्याच्या घोरण्याजवळ
थोडा वेळ धरून उभी राहिली.