पितळेची मागची बाजू

दर जूनमध्ये, दक्षिणेकडून बर्फाळ वारा सुटला की
नगरपालिकेची यादी येते माझ्या दुकानात.
बारा पितळी पाट्या, लाकडावर बसवलेल्या.
अक्षरामागे साठ सेंट. रिकाम्या जागेचे पैसे नाहीत.

इन्व्हरकार्गिलमध्ये हातानं कोरणारा मी एकटाच उरलोय.
मेंढ्यांच्या प्रदर्शनाचे चषक, कुत्र्यांच्या गळ्यातले बिल्ले
आणि वर्षातून एकदा हे म्हातारे:
मॅकर्चर, ज्यानं तेवीस वर्षं मुलांना रस्ता ओलांडून दिला,
तुई पराता, जी वाचनालयाची पुस्तकं घरोघर पोचवते
आणि येताना कुणाचा तरी कचराही बाहेर ठेवून येते,
ऑर्मंड बंधू, एकमेकांशी न बोलता एकाच बागेत राबणारे.
त्यांना पाटी एक द्यायची की दोन,
यावर समितीच्या तीन बैठका झाल्या.

सोहळ्याला मलाही बोलावतात.
महापौरांच्या गळ्यात साखळी, टेबलावर चीज रोल,
कुणीतरी तास वाचून दाखवतं:
चार हजार दोनशे तास, सहा हजार तास.
कुणी मोजले, कशावर मोजले, देव जाणे.
टाळ्या सुरू झाल्या की हे लोक असे उभे राहतात,
जसं चुकून दुसऱ्याच्याच घराची बेल वाजवलीय.

नेटा गिलख्रिस्ट त्या वर्षी सत्त्याऐंशीची.
पाटीवर मी कोरलं होतं: रुग्णसेवेची एकोणीस वर्षं.
तिनं ती पिशवीत घातली, कांद्याच्या पातीखाली,
आणि शेवटची बस गाठायला निघाली.

तिसऱ्या दिवशी दुकानात हजर.
नावात चूक झाली की काय! माझ्या पोटात गोळा.
तिनं पाटी पालथी केली.
"लाकूड काढ. मागे जागा आहे."
आणि पर्समधून एक कागद,
वाण्याच्या यादीसारखा चार घड्यांचा.

एकेचाळीस नावं. आडनावं नाहीत.
ज्यांच्या उशाशी शेवटच्या रात्री कुणीच नव्हतं
त्यांच्या उशाशी ही बसायची, विणकाम घेऊन, दर गुरुवारी,
आणि गुरुवार नसला तरीही.
तुम्हाला वाटेल, म्हणाली असेल, पुढचं माझं नाव खोडून टाक.
छे. पुढचं नाव तिला आवडलं होतं.
चकाकी किती वर्षं टिकेल, एवढंच विचारलं.

मी कोरायला बसलो.
मोइरा. डग. वाइरेमू.
अ‍ॅग्नेस, जिनं पहाटे चहा मागितला
आणि कप नुसता हातात धरला.
ब्लफ बंदरात उतरवलेला एक खलाशी:
त्याचं नाव तिच्या कानाला लागलंच नव्हतं,
कागदावर तिनं होडी काढली होती, लहान मुलं काढतात तशी.
होडीचे पैसे कसे लावायचे?
अक्षर तर एकही नव्हतं.

सव्विसावं नाव वॉल्टर.
माझे वडील वॉल्टर. तोच दवाखाना, सहा वर्षांमागे.
मी ड्युनेडिनहून निघालो होतो,
वाटेत बर्फानं रस्ता बंद.
या गावात वॉल्टर पुष्कळ आहेत.
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.
ती काचेबाहेर बघत
हातमोजा घालत होती, काढत होती.
शेवटचं अक्षर जरा खोल गेलं.
पुढच्या बाजूनं दिसत नाही म्हणा.

बिल दिलं.
तिनं चष्मा लावला, बोट ठेवून अक्षरं मोजली,
परत मोजली.
"वॉल्टर धरला नाहीस."
"राहिला असेल."
"मग धर."
तीन डॉलर साठ सेंट,
एकेक नाणं काचेवर ठेवलं तिनं,
पितळेचा भुगा बाजूला सारून.